गुरुप्रसाद सरांची हळहळ

गुहागरात इंग्रजी सुधारायचं असलं की आम्ही गुरुप्रसाद सरांच्या क्लासला जायचो. व्याकरणातले बाकी काळ सर भराभर उरकत. हळहळीचं 'आय विश' आलं की मात्र आठवडाभर हलत नसत, आणि उदाहरणं सगळी घरचीच. 'आय विश आय हॅड गॉन टू सी.' तरुणपणी त्यांना जहाजावर नोकरी लागली होती आणि आईने रडून त्यांना अडवलं, असं ते सांगत. म्हातारी ओटीवरून ओरडे, "मी कधी रडले रे?" सर तेवढ्यापुरते ऐकू येत नसल्यासारखं करत.

यंदा त्यांच्या मुलीची, सानिकाची, जहाजावरच्या प्रशिक्षणाला निवड झाली. सतरा वर्षांची पोर, फॉर्मवर पालकाची सही हवी होती. ज्याने जन्मभर समुद्रासाठी हळहळावं, त्याने उडी मारून सही करावी की नाही? सर म्हणाले, देवीला कौल लावू.

आम्ही पण देवळात गेलो. गुरवाने देवीला कळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. उजवी पडली. "खात्री करून घेऊ," सर म्हणाले. पुन्हा उजवीच. तिसऱ्यांदा डावी पडली आणि सरांनी घाईघाईने हात जोडले. सानिका तिथेच रडली. तिची आई मथुराकाकू सगळ्यांदेखत म्हणाली, "देवीनं दोनदा होय सांगितलान. तिसऱ्यांदा कंटाळून नको म्हटलान असेल." सर चपला शोधायला लागले.

सोमवारी सकाळच्या बॅचला सर फळ्याकडे तोंड करून नवं उदाहरण लिहीत होते. 'आय विश आय हॅड लेट हर गो.' अक्षर काय सुंदर! तेवढ्यात सानिका दारात आली, खांद्याला बॅग. "बाबा," म्हणाली. सरांनी मागे न बघता डावा हात वर केला, थांब. ती थांबली. मग उंबऱ्यापाशीच वाकून नमस्कार केला आणि गेली. सरांची ओळ पुरी व्हायची होती.

मग ते वळले. "मी तिला जाऊ द्यायला हवं होतं," त्यांनी भरल्या आवाजात अर्थ सांगितला. सगळे लिहून घेत होते. माझं तर डोकंच फिरलं.

"पण सर, ती गेली," सानिकाची मैत्रीण मृणाली म्हणाली. "काकूंनी सही केलीनी. आठच्या मुंबई गाडीनं गेली."

"मला न सांगता?"

"सांगायलाच आली होती, सर. तुम्ही थांब म्हणालात."

सर अनवाणीच स्टँडकडे धावले. गाडी तोवर सुटून गेली होती.