गरम हातांची सुगंधाताई

सुगंधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरला माहेरी होते. त्याला महिना झाला. रडू अजून आलेलं नाही… येतो तो संताप, आणि तो तिच्या शोकसभेतला आहे.

माझ्या सासरी, धसईजवळच्या गावात, तिने पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवली. घरोघरी बाळांची वजनं करायला आली की आधी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसायची. मला वाटायचं, बाई चहाची शौकीन. माझा ओंकार सात महिन्यांचा असताना तिने तसेच हात शेकले, त्याच्या लंगोटात चाचपलं आणि मला जवळ बसवलं. "एकच अंडगोळी हाय गो खाली. दुसरी वर पोटात अडकलीय. थंड हात लागला तर उतरलेली पन वर पळते, म्हनून शेकून बघते मी. ही वरच राहिली तर नीट वाढायची नाय, पुढं कधी गाठ पन होते. डॉक्टरला दाखव, टाइम घालवू नको."

सासऱ्यांनी ऐकलं आणि तिची पिशवी अंगणात भिरकावली. "आमच्या पोरात खोट काढतेस? निघ!" नवरा खाली मान घालून उभा. ती पिशवी झटकून गेली आणि दुसऱ्या दिवशी लसीचं निमित्त काढून परत आली. लसीच्याच नावाखाली आम्ही दोघी ओंकारला मुरबाडहून जीपने कल्याणला नेत राहिलो. पहिल्या वाढदिवसाच्या आत ऑपरेशन झालं. घरी सांगितलं, हर्निया. दोन वर्षांनी तिने पुन्हा हात शेकून पाहिलं आणि हसली, "मागं राहिलेली बरोबरीला आली बघ."

शोकसभेत पहिले बोलले ते सासरेच. पोलिओचे डोस, खिचडी, मायाळू स्वभाव! तिने अशी आणखी चार मुलं वेळेवर डॉक्टरकडे पाठवली होती. त्यांचे बाप पुढच्या रांगेत मिशा कुरवाळत बसले होते. एकानेही ते सांगितलं नाही. लाज कशाची वाटते रे तुम्हाला? आणि मी? मीही पदर तोंडाला लावून गप्प बसले, त्याचा राग सगळ्यात जास्त आहे.

म्हणून हे लिहिते आहे, ओंकारला विचारून. तो आता एकोणीस वर्षांचा आहे. "माझं नाव घालून लिही, आई," म्हणाला.

परवा धाकट्या जावेचं बाळ सासऱ्यांच्या मांडीवर होतं. मी चहा केला, पेला दोन्ही हातांत धरला, हात चांगले शेकले आणि म्हटलं, "द्या त्याला इकडे." ते माझ्या हातांकडे बघत राहिले. त्यांनी काहीतरी बोलावं, अशीच माझी इच्छा होती. त्यांनी बाळ पुढे केलं.