लागवडीचे बटाटे

जर्मनीत लेकीकडे आले की शनिवारच्या बाजारात मी एका म्हातारीकडून हॉर्नशन नावाचे इथल्या जुन्या वाणाचे बटाटे घेते. बोटभर लांब, वाकडेतिकडे, सोलताना वैताग आणणारे. पण उकडून नुसतं मीठ लावून खावेत असे. या वेळी सगळ्यांना कोंब आले होते. लेकीने विचारून सांगितलं, "आई, हे तिने लागवडीसाठी राखलेले होते. म्हणते, आता लावणार कोण?" म्हातारीने मूठभर जास्तच घातले.

घरी कोंब खुडत बसले. त्या म्हातारीच्या सासूने, सासूच्या सासूने उपासमारीतही लागवडीपुरते एवढे तरी राखले असतील. आमच्या सासूबाई घेवड्याचं बी राखेत घोळून डब्यात ठेवायच्या. त्या गेल्या आणि मी तो डबा घासून त्यात साखर भरली. घेवडा काय, बाजारात मिळतो, म्हटलं. तसला पुन्हा कधी मिळाला नाही.

एक बटाटा बाजूला काढला. बाल्कनीतल्या कुंडीत लावावा, वाटलं. पण पुढच्या आठवड्यात मी परत जाणार, लेक दिवसभर ऑफिसात. पाणी कोण घालणार?

त्याचाही कोंब खुडला आणि त्याला पातेल्यात टाकलं.