काळ्या दगडातली आनंदीबाई

दर्शनाचं बालपण अलोऱ्याच्या कॉलनीत गेलं. वडील पोफळीच्या वीजघरात होते. यंत्रांवर बसवायच्या पितळी पट्ट्यांवर आकडे कोरायचं काम त्यांच्याकडे असे. कोरणी धरायला ती त्यांच्याकडूनच शिकली. लग्न होऊन मांडवीला आल्यावर ती काळ्या ग्रॅनाइटवर चेहरे कोरू लागली. हिऱ्याच्या टोकाची सुई टोचली की दगडावर पांढरा ठिपका उमटतो. उजेड तेवढा कोरायचा. सावली असेल तिथं दगडाला हातच लावायचा नाही.

गेल्या वर्षी लांज्याकडचा सर्वेश तिच्याकडे आला. त्याच्या आईनं, आनंदीबाईनं, गावाला अंगणवाडीसाठी जागा दिली होती. ती वारल्यावर अंगणवाडीच्या भिंतीत तिचा चेहरा बसवायचं ठरलं. पण फोटो एकच, आधार कार्डावरचा. मशीनवर कोरून आणला, तर नुसतं पांढरं तोंड.

"ह्यात सावलीच नाही," दर्शना म्हणाली. "आईसारखं दिसणारं घरात कोण आहे?"

"सोनूमावशी. आईची धाकटी बहीण."

रविवारी दर्शना त्यांच्या घरी गेली. ऐंशीच्या सोनूबाईनं साफ नकार दिला. "तिच्या नावावर माझं तोंड नको गो बाय!"

मग दर्शनानं बहिणीविषयी विचारलं. सोनूबाई पडवीत टेकली आणि बोलतच राहिली. अंगणातला उजेड तिच्या एका गालावर येत होता. दर्शनानं भराभर चित्रं काढून घेतली.

वीस दिवसांनी दगड बघायला सोनूबाई सर्वेशबरोबर मांडवीला आली.

"डोळे तिचेच," ती म्हणाली. "हनुवटी माझी. तिच्या हनुवटीला लहानपणी विळा लागलेला. तिथं खळगा होता."

दर्शना ओशाळली. खळग्याच्या जागी तिनं उजेड कोरला होता, आणि पांढरं झालेलं तेवढंच पुन्हा काळं करता येत नाही.

"राहू दे ताई, कोणाला कळतंय?" सर्वेश म्हणाला.

"मावशींना कळलं ना!"

तिनं दगड घासून गुळगुळीत करून आणला आणि चेहरा पहिल्यापासून घेतला. हनुवटीवर तिळाएवढी जागा तशीच काळी सोडली. या खेपेला सोनूबाईनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले.

निघताना ती दर्शनाला म्हणाली, "माझापण एक करून ठेव. मी आहे तवर. मागून कोणाला विचारत फिरशील?"

दिवाळीनंतर सोनूबाईला चित्रासाठी समोर बसवायचं ठरलं आहे.