दुसऱ्याचा हात लागत नाही

संघातले खेळाडू त्याला उस्ताद म्हणायचे. बोलूनचालून मालिशवाला, पण पोटरी नुसती चाचपून ‘हा पाय उद्या दगा देणार’ म्हणायचा, आणि पाय दगा द्यायचा.

मग कॅप्टनच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं. लीगने त्याला वर्षभर घरी बसवलं आणि तो कोर्टात गेला. सगळं शहर त्याच्या बाजूने पेटलं. जन्मात चेंडूला पाय न लावलेलेही चौकात कायदा शिकवू लागले. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल, एवढंच त्यांचं कायद्याचं ज्ञान.

कॅप्टनचं म्हणणं, औषध मालिशच्या तेलातून अंगात गेलं. तेलात तसलं काही नव्हतं, पण ती बाटली कधीच संपली होती, आता तपासणार काय? कोर्टात कॅप्टनच्या वकिलाने साक्षीला उभ्या उस्तादाला गोड आवाजात विचारलं, “तेल बाजारातून आणता का हो?”

उस्तादाला तो अपमान वाटला. “बाजारातून? मी स्वतः कढवतो, साहेब. दुसऱ्याचा हातसुद्धा लागू देत नाही.”

वकील लगेच खाली बसला. आपण काय बोलून बसलो हे उस्तादाला जिना उतरताना कळलं: तेलात काही असेल, तर ते घालणारा हात आता एकच उरला होता.

बंदी उठली. कॅप्टनला लोकांनी डोक्यावर घेतलं. पायाखाली घ्यायलाही कुणीतरी हवं होतं, तर उस्ताद सोपा होता. संघाने त्याला काढून टाकलं. ज्यांच्या माना त्याने फुकट मोकळ्या केल्या होत्या ते शेजारी त्या माना फिरवून जाऊ लागले.

बायको वारून वर्षं झाली होती; तिचा भाऊ, मेहुणा तेवढा घरी आला. “दाजी, कबूल करून टाका ना. लोक विसरतील.”

“केलंच नाही, तर कबूल काय करू?”

“केलंत असं मी कुठे म्हणतोय,” मेहुणा चपला घालत म्हणाला.

उरली आई. तिचे गुडघे कामातून गेलेले. रोज संध्याकाळी तो ते चोळून द्यायचा, तेव्हा कुठे ती चार पावलं चालायची. ‘तुझा तरी विश्वास आहे ना?’ एवढंच त्याला आईला विचारायचं होतं, पण जीभ रेटत नव्हती. त्या संध्याकाळी त्याने तेल कोमट केलं, तिच्यासमोर बसला आणि तळहातावर ओतलं.

आईने हळूच पाय जवळ ओढून घेतले.

“आज राहू दे बाळा. आज बरे आहेत गुडघे.”

“आई.”

“खरंच बरे आहेत रे.”

ती उठायला गेली, पुन्हा खाली बसली. मग भिंतीला धरून, ओठ आवळून कशीबशी उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघता आत गेली. तो तेलाचा हात तसाच धरून बसला. आता विचारायचं काही राहिलं नव्हतं.