उत्तर येईपर्यंत थांबणाऱ्या बाई

प्रश्न विचारून त्याच्या उत्तराची खरोखर वाट पाहणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते फार त्रासदायक होतं. आपण सगळे 'काय, बरं आहे ना?' म्हणतो आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत पुढे निघतो. जग त्यावरच चाललंय. गोव्यातल्या पेडण्याच्या आमच्या केंद्रातल्या बाईंना मात्र हे मुळीच मान्य नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला मी दिव्यांग मुलांच्या त्या संस्थेत इंटर्नशिपसाठी गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी मला विचारलं, "तूं हांगा कित्याक आयलंय गो?" मी 'अनुभवासाठी' असं काहीतरी पुटपुटले. बाई ऐकत राहिल्या. मी 'समाजासाठी' म्हणाले. तरी त्या ऐकतच राहिल्या. शेवटी 'कॉलेजने पाठवलं' असं खरं ते सांगून टाकलं, तेव्हा कुठे त्या खूश होऊन माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.

बाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ऊन असो, पाऊस असो, काखेत छत्री. आवाज शाळेच्या मैदानाच्या मापाचा, तो चार भिंतींत त्यांनी कधी कमी केला नाही. मुलाला विचारलं की मुलानेच उत्तर द्यायचं, मग त्याला बोलता येवो न येवो, हा त्यांचा कायदा. सकाळी केंद्राच्या दारात पोदेर सायकल लावून पाव द्यायचा, तेव्हा बाई एकेका मुलाला 'उंडो जाय काय पोळी?' असं, दोन तऱ्हेच्या पावांतला कुठला हवा ते, विचारत. एखादं मूल डोळ्यांनी सांगे, एखादं बोटाने, एखाद्याचं बोट उचलून टोपलीपर्यंत यायला युगं लागत. पोदेर बिचारा सायकल धरून उभा. पुढच्या वाड्यावरची गिऱ्हाइकं फोनवर त्याच्या नावाने शंख करत असत. "बाई, दोनूय दितां, माका सोड," असं तो रडकुंडीला येऊन म्हणायचा. बाई म्हणायच्या, "इचारलंय न्हय? मगीर रांव." विचारलंय, तर थांब.

एकदा एका मुलाला आणि त्याच्या बापाला घेऊन आम्ही एका कचेरीत दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो होतो. साहेबांनी मुलाकडे बघून सहज विचारलं, "काय रे, काय होतं तुला?" बापाने तोंड उघडलं. "तुका इचारूंक ना, ताका इचारलां," बाई गरजल्या. झालं. साहेब, शिपाई, जिन्यापर्यंतची रांग, सगळे गप्प. साहेबांचा चहा निवला. मुलाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि शेवटी टेबलावरचा पेपरवेट उचलून त्यांच्याच हातात दिला. साहेबांनी तो मुकाट्याने घेतला आणि बापासाठी खुर्ची मागवली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मुलांना केंद्रात आणायला आमची गाडी डिचोलीच्या बाजूलाही जायची. तिथे लाटंबार्शाला, काजूच्या बागेला लागून एक घर होतं. त्या घरच्या धाकट्या मुलीला मान धरता येत नव्हती, बोलता येत नव्हतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, बाई उतरत आणि अंगणात आईच्या कडेवर असलेल्या त्या एवढ्याशा पोरीला विचारत, "येतलंय मगो?" येणार ना? मग थांबत. आई अवघडून म्हणे, "तिका कितें कळता बाई, उकला आनी घाला." बाई ऐकायच्या नाहीत. बऱ्याच वेळाने पोरीच्या गळ्यातून एक लांबलचक हुंकार निघे, गाईच्या हंबरण्यासारखा. तो निघाला की बाई तिला उचलून गाडीत बसवायच्या. गाडीत ती खिडकीच्या काचेला गाल लावून बसे, आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला की हसे. त्यामुळे आमची गाडी रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवत जायची.

मग चवथ आली. चवथीला प्रत्येक मुलाच्या घरी जायचं आणि मूल गणपतीपुढे, बाहेरच्या खोलीत आहे की नाही ते बघायचं, हा बाईंचा जुना खाक्या. आत कुठे ठेवलेलं असेल तर त्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. लाटंबार्शाला पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. गणपतीवर माटोळी बांधलेली, सुपारीचे घोस, लालबुंद कवंडळं, तवशी लोंबत होती. थोरल्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलाकडची माणसं दर्शनाच्या निमित्ताने आली होती. धाकटी कुठे दिसेना. मी बाईंचा पदर ओढला. पण बाईच त्या. आतल्या बंद दाराकडे तोंड करून त्यांनी आपल्या त्या आवाजात विचारलं, "गणपती पळोवंक येतलंय मगो?"

आणि थांबल्या.

टाळ घेतलेले हात तसेच राहिले. नवऱ्या मुलाच्या आईने विचारलं, "भितर कोण आसा?" या प्रश्नाचं उत्तर बाईंना ठाऊक होतं, पण तो त्यांना विचारलेला नव्हता, म्हणून त्या बोलल्या नाहीत. पोरीची आई माटोळीकडे बघत राहिली. अखेर बाप नकारार्थी मान हलवत म्हणाला, "कोण ना." बाईंनी हातात दिलेली नेवरी, म्हणजे करंजी, परत ताटात ठेवली आणि आम्ही निघालो. आतून आवाज आलाच असेल तर तो आमच्या पाठीमागे सुरू झालेल्या आरतीत बुडाला.

सोयरीक मोडली. ती याच कारणाने मोडली की आणखी कशाने, देव जाणे, पण त्या घराचं दार आम्हाला बंद झालं. बाईंचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. एका मुलीला माणसात आणायला गेल्या आणि दुसरीचं ठरत आलेलं मोडलं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मला गप्प केलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. गाडी मात्र रोज तिथे थांबायची. हॉर्न वाजायचा, बाई रस्त्यावरून त्या बंद दाराकडे बघत उभ्या राहायच्या, आणि मग निमूट गाडीत बसायच्या. पोदेरालाही आता त्या लवकर सोडू लागल्या होत्या.

माझी इंटर्नशिप संपत आली तेव्हा एका सकाळी त्या पोरीची आवय, आई, रस्त्यापर्यंत आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. म्हणाली, "बाई, हॉर्न वाजोवं नाकात." हॉर्न वाजवू नका म्हणे.

"कित्याक?" बाईंनी विचारलं आणि थांबल्या.

आईने पदर तोंडाला लावला, काढला, परत लावला. मागून एक ट्रक येऊन कर्कश ओरडू लागला. बाई हलल्या नाहीत. मग आई म्हणाली, "ती ओ दिता. दार धांपलां तरी दिता. तुमी वता, आनी मगीर ती दिसभर रडता." दाराआडून ती रोज ओ देत होती, आणि आम्ही निघून जात होतो.

बाई मट्कन रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा लहान झालेला ऐकला. "आनी तुका?" त्यांनी विचारलं. "तुका कितें जाय गो?"

तुला काय हवंय, हे त्या आईला कधी कुणी विचारलंच नसावं. ट्रकवाल्याने शिव्या दिल्या, गाडीतली मुलं चुळबुळू लागली, पण बाई बसून होत्या. शेवटी काहीच न बोलता आई आत गेली. आम्हीही निघालो, हॉर्न न वाजवता.

आता मी पुण्याला असते. दिवसभर लोकांना प्रश्न विचारते आणि पुढच्याकडे वळते. अधूनमधून ड्रायव्हरला फोन करते. ती पोर अजून गाडीत बसलेली नाही. पण गाडी रोज तिथे उभी राहते, आणि ड्रायव्हर कंटाळून 'चला बाई, कोण येवचें ना' म्हणाला की बाई त्यालाच दटावतात. "रांव रे," म्हणतात, "तिची आवय इचार करता."