भाताच्या वंशावळीचा भाट

भाटाने आयुष्यात कधी भात लावला नाही, आणि डब्यातही आणला नाही. कळण्याची भाकरी आणि वांग्याची भाजी आणली. तरीही भाताच्या जनुकांची कुळे, शाखा आणि चुलतभाऊ त्याला तोंडपाठ होते. आमच्याकडे वंशावळी वाचणारे भाट गावोगाव येत. त्यावरून जळगावच्या आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्याला हे नाव पडले. मी विभागप्रमुख होतो. नाव मीच दिले होते.

तो मूळचा धुळ्याचा. पिंप्राळ्याहून स्कूटरवर येई आणि जुन्या कॉम्प्युटरपुढे बसे. जगाने खुल्या ठेवलेल्या याद्यांतून जनुकांचे अक्षरांत लिहिलेले अनुक्रम उतरवायचे, एकाखाली एक जुळवायचे, आणि कोण कोणापासून वेगळे झाले याचा वंशवृक्ष काढायचा, हे त्याचे संशोधन. पाहणीस आलेल्या प्राचार्यांनी एकदा विचारले, "रोपे कोठे आहेत?" शिपाई सुपडूभाऊंनी अहिराणीत परस्पर उत्तर दिले, "साहेब, सरना बठ्ठा भात कॉम्प्युटरमाच शे. पानी देवानं काम नही."

बढतीसाठी त्याला एक शोधनिबंध कमी पडत होता. तो छापून आला. त्यावर दुसरे नाव माझे होते. विभागातून जाणाऱ्या प्रत्येक निबंधावर प्रमुखाचे नाव घालण्याचा प्रघात मीच पाडला होता. निबंध मी वाचला नव्हता. पेढा मात्र खाल्ला.

आठवड्याने भाट वंशवृक्षाचा कागद घेऊन समोर उभा राहिला. "सर, या दोन भावांत एका अक्षराचेही अंतर नाही."

भाताच्या जनुकांना दोन प्रमुख याद्यांत दोन वेगळे क्रमांक असतात. त्याने दोन्ही याद्या एकत्र केल्या होत्या. काही जनुके दोन नावांनी दोनदा आली होती.

"नऊ जण दोनदा पंगतीला बसलेत, सर."

कुळ फुगले होते, आणि निष्कर्ष त्या फुगण्यावरच उभा होता.

"रावेरपासून धुळ्यापर्यंत हे मोजणारा एक माणूस दाखवा," मी म्हणालो.

"एक आहे ना, सर. मीच मोजले."

निबंध मागे घेण्याचे पत्र त्याने लिहूनच आणले होते; त्यावर माझीही सही लागणार होती. मी त्याला बढतीची आठवण करून दिली आणि पत्र तीन दिवस टेबलावर ठेवले. तो रोज सकाळी येई, ते जागेवर आहे एवढे पाही, आणि जाई. चौथ्या दिवशी मी सही केली. सद्सद्विवेकाने नव्हे, त्याच्या येण्याला कंटाळून. कागद सुपडूभाऊंनी स्कॅन करून आणला.

बढती गेली. ती ज्याला मिळाली, त्याच्या निबंधांवरही माझे नाव आहे. तेही मी वाचलेले नाहीत.

गेल्या वर्षी भाट वारला, निवृत्तीपूर्वीच. शोकसभेत प्राचार्यांनी कागदावरून वाचले, "सरांचे एकूण चार शोधनिबंध प्रसिद्ध झाले."

शोकसभेत दुरुस्ती करण्याचा प्रघात नाही. मी उठलो, "तीन" म्हणालो, आणि बसलो.

मागच्या रांगेतून सुपडूभाऊ म्हणाले, "बराबर शे."