अमेरिकेचं सरकार आणि आमची भाऊबीज

माझ्या भाचीची नोकरी गेली त्या आठवड्यात तिनं मला फोन केला, आणि अमेरिकेचं सरकार बंद का पडतं हे मी तिला समजावून सांगितलं. ती अमेरिकेत राहते. मी नाशिकला, इंदिरानगरात. माझा पासपोर्ट एकदाही शिक्का न उमटता मुदत संपून कपाटात पडला आहे. तरी समजावलं मीच. चांगलं अर्धा तास.

चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे सांगण्याच्या भरात मी स्वतःची बाजू घेईन अशी भीती आहे. बाजू घेणं हा माझा आजार आहे.

तो जडला टाळेबंदीत. अंबडच्या ज्या कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो तो बंद होता, खरेदी करायला काही नव्हतं, आणि हातात फोन होता. त्यात कुठून तरी अमेरिकी संसदेतल्या भांडणाचा एक व्हिडिओ आला. मग दुसरा आला. तिथे दोन मोठे पक्ष, एकाचं चिन्ह हत्ती आणि दुसऱ्याचं गाढव, एवढंही मला तोवर ठाऊक नव्हतं. आपल्याकडे गाढव हे चिन्ह घेऊन कुणी उभा राहिला तर त्याची अनामत वाचणार नाही. मी नेमका त्या पक्षाचा झालो. त्यामागची तात्त्विक कारणं मी आजही तुम्हाला देऊ शकतो, पण खरं कारण एकच. दाजी हत्तीवाले होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. देवळाली कॅम्पच्या बाजारात त्यांचं लष्करी गणवेशाच्या सामानाचं दुकान आहे. पट्टे, बिल्ले, टोप्या. एका उन्हाळ्यात ते आणि ताई लेकीकडे, म्हणजे या भाचीकडे, अमेरिकेत जाऊन राहून आले, आणि येताना दाजी हत्तीवाले होऊन आले. का, तर तिथल्या शेजाऱ्यानं त्यांना आपल्या परसातले टोमॅटो दिले होते आणि तो शेजारी हत्तीवाला होता. माझं मत यापेक्षा भक्कम पायावर उभं आहे असं मला वाटायचं. माझं मत दाजींच्या विरोधावर उभं होतं.

"तुम्ही गेलायत का कधी तिकडे?" ते विचारायचे.

"चंद्रावर न जाता ग्रहण सांगता येतं, दाजी."

"सांगा मग. वेध कधी लागतायत, घटनापंडित?"

हे सगळ्या घरादारासमोर, बारशाला, वास्तुशांतीला, एकदा तर दहाव्याच्या जेवणातसुद्धा. बायकोनं आमच्या घरी जेवताना अमेरिकेचं नाव काढायला बंदी घातली होती. एकदा तिनं मला सहज विचारलं, "आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, सांगा बरं." मी थोडं आठवून एक नाव सांगितलं. ती म्हणाली, "त्यांची मुदत संपून किती वर्षं झाली. महापालिकेत प्रशासक आहे. निवडणूकच झालेली नाही अजून." माझ्या स्वतःच्या गावात मत मागायला कुणी येत नव्हतं आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. सेनेटच्या, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाच्या, कोणत्या सभासदाला पुढच्या खेपेला आपली जागा राखणं जड जाणार आहे, हे मात्र मला राज्यवार पाठ होतं.

तर मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी तिथे खर्चाचं विधेयक अडकलं. मंजुरीला सेनेटमधल्या शंभरांतली साठ मतं लागत होती. हत्तीवाल्यांकडे तेवढी नव्हती, गाढववाले द्यायला तयार नव्हते, आणि दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवत होते. खर्चाला मंजुरी नाही, म्हणून सरकारी कचेऱ्या बंद, कामं बंद. मी कारखान्यात जाता-येता बातम्या ऐकत होतो आणि मनातल्या मनात आमच्या लोकांना म्हणत होतो, झुकू नका.

अशात एका रविवारी सकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, वेळ आहे का रे? थोडं बोलायचं होतं. इथे सरकार बंद पडलंय ना..."

"अगं, तुला बरोबर माणूस भेटला," मी म्हणालो.

त्यानंतर मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. साठ मतांचा नियम कसा आला इथून सुरुवात केली. ती मध्ये दोनदा "मामा, ऐक ना" म्हणाली. मला वाटलं, तिला शंका आहे. मी म्हणालो, "थांब, त्यावर येतोच." शेवटी मी जे बोललो, ते मात्र इथे लिहितो, कारण ते वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "कंत्राटी लोकांचे हाल होणार, मान्य. कायम नोकरांना थकलेला पगार नंतर तरी मिळतो, यांचं गेलं ते गेलं. पण मोठ्या लढाईत कुणाला तरी सोसावंच लागतं."

ती म्हणाली, "बरं मामा. ठेवते."

मी बायकोला सांगितलं, पोरगी फार लक्ष देऊन ऐकते.

आता हे सांगायला हवं की आमच्याकडे दाजींना जड जाणारी बातमी मामाकडून जाते. बारावीला तिचे गणिताचे गुण घसरले तेव्हा दाजींना मी सांगितलं होतं. लग्नाचं ठरलेलं स्थळ तिनं नाकारलं तेव्हाही मीच बसून बोललो होतो. दाजी आधी माझ्यावर भडकतात, आणि भडकून झालं की लेकीशी नीट बोलतात. फोन त्यासाठीच होता. ती ज्या कंपनीत होती तिचं सगळं काम एका सरकारी खात्याचं होतं. ते थांबलं तसं कंपनीनं तिला काढून टाकलं. व्हिसाच्या नियमानं काही आठवड्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर तिला तो देश सोडावा लागणार होता. ती कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढंच मला माहीत होतं. कुणाचं काम करते हे मी कधी विचारलंच नव्हतं.

भाऊबीजेला मी आणि बायको संध्याकाळी कॅम्पला गेलो. ताईनं पाटाभोवती रांगोळी काढली होती. मी पाटावर, दाजी समोर खुर्चीत, आणि ताई आत तबक लावत होती. तेवढा वेळ आम्हाला पुरला.

"तुमच्या गाढवांनी सरकार बंद पाडून दिवाळी साजरी केली म्हणायची," दाजी म्हणाले.

"बंदच राहू दे. आणखी महिनाभर राहू दे. हत्तीला जरा उपास घडला पाहिजे."

ताई तबक घेऊन आली होती. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षतांची चिमूट उचलली आणि हात तसाच ठेवून विचारलं, "पोरीनं तुला फोन केला होता ना?"

"केला होता की. अर्धा तास बोललो आम्ही."

"तू बोललास. ती काय बोलली?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

"तिची नोकरी गेलीय," ताई म्हणाली. "तुझ्याकडून यांना सांगायचं होतं तिला. परवा मला सांगितलं, आणि मामाला बोलू नकोस म्हणाली. म्हणाली, मामाला चालणारेय ते."

दाजी खुर्चीतून अर्धे उठले. लेकीची नोकरी गेल्याचं ते माझ्यासोबतच ऐकत होते. सांगायला लाज वाटते, पण त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो "गाढवांनी", आणि माझ्या तोंडून "हत्तीनं". दोघांचे एकदमच. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आता दोघं गप्प बसता का?"

ताईनं तबक टीपॉयवर ठेवलं आणि ती आत निघून गेली. निरांजन जळत होतं. ओवाळून झाल्याशिवाय भावानं पाटावरून उठायचं नसतं, त्यामुळे मी बसून राहिलो. पायाला मुंग्या आल्या. दाजी समोर भिंतीकडे बघत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मला सांगायला घाबरली का हो ती?" मी म्हणालो, "मला सांगायला तर घाबरली नव्हती ना. मी सांगूच दिलं नाही." एवढी वर्षं वाद घालून आमच्यात झालेलं हे पहिलं संभाषण.

ताई परत आली. तिनं ओवाळलं. दरवर्षी ओवाळून झालं की ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते, तो फिरवला नाही.

घरी येऊन मी भाचीला माफीचा मजकूर लिहायला घेतला. तो लांबत गेला. दुसऱ्या दिवशी बायकोला वाचायला दिला. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात माफी कुठाय?" मी पुन्हा वाचला. पहिल्या परिच्छेदात दोन्ही पक्ष सारखेच दोषी आहेत असं होतं. दुसऱ्यात, तरी हत्तीवाले थोडे जास्त. मी पुसून टाकला. दुसरा मजकूर आखूड लिहिला, पण त्यातही "परिस्थितीच अशी होती की" असं आलंच. तोही पुसला. असे तीन-चार दिवस गेले. रोज संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. ती फोनवर रडली तर काय करायचं, हे मला कुठल्याच बातम्यांत कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी लावला.

"बोल मामा," ती म्हणाली. आवाज कोरडा. "मिळाली का साठ मतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. मला माहीत होतं, मिळाली नव्हती.

मी पुढचं वाक्य जुळवत बसलो नाही.

"तू फोन केलास तेव्हा मी तुझं ऐकलं नाही," मी म्हणालो. "कुणाला तरी सोसावं लागतं असं तुलाच म्हणालो. ते चुकलं माझं. मला माफ कर, बाळा."